अक्षर नसलेले एकवीस दगड

बाईंवर काहीतरी लिही, असं मला आतापर्यंत तिघांनी सांगितलंय. तिघंही इथल्या मराठी मंडळाचे, आणि तिघांनाही गणपतीच्या स्मरणिकेत छापता येईल असं गोडधोड हवं होतं. परमुलखात मिळालेली मायेची सावली वगैरे. तेव्हा आधीच सांगून टाकते, बाई मायाळू नव्हत्या. चंदीगडच्या मनीमाजऱ्यातल्या त्यांच्या वरच्या खोलीत मी साडेचार वर्षं भाड्याने राहिले, आणि तेवढ्या काळात त्यांनी मला एकदाही 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही. डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या असायच्या, एवढं खरं. त्या उचलायच्या की नाही हा माझा प्रश्न होता.

मी मूळची सांगलीची. मोहालीतल्या कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आले, आणि मराठी घरमालकीण आहे म्हटल्यावर हुरळून त्यांच्या दारात उभी राहिले. तोंडभर 'मावशी' म्हणाले.

"मी काऊन तुझी मावशी?" बाई म्हणाल्या. "तुझ्या आईला मी पाह्यलं तरी आहे का? बाई म्हण. सगळे बाईच म्हणतात."

सगळे म्हणजे कोण ते मला कधी कळलं नाही, कारण इथे सगळे त्यांना 'डॉक्टरनी जी' म्हणत. बाई वर्ध्याच्या. लग्न केलेलं नाही. तीस-बत्तीस वर्षं इथल्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी पोरांना शरीररचना शिकवली होती, म्हणजे मेलेल्या माणसाचं शरीर उघडून त्यात काय काय असतं ते दाखवलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं वर्ध्याला परत जातात. बाई सतरा सेक्टरात उर्दूच्या वर्गाला जाऊन बसल्या, त्रेसष्टाव्या वर्षी.

खोली देण्याआधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. हातात कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "जिन्याखाली विजेचा मीटर आहे. त्याच्यावर जे आहे ते लिहून आण." मी नंबर आणि आकडा लिहून आणला.

"अन् काचेला तडा गेलाय तो? आत पाल मरून पडली आहे ती?"

"तुम्ही नंबर आणायला सांगितला होता ना?"

"मी नंबर कुठं म्हटलं? जे आहे ते म्हटलं."

मला राग आला. रागारागातच मी पुन्हा खाली गेले आणि तडा, पाल, पालीची तुटलेली शेपटी, वायरला बांधलेली निळी सुतळी, सगळं लिहून आणलं. बाईंनी कागद वाचला आणि किल्ली दिली. माझ्याआधी आलेले चौघं म्हणे नंबरवरच थांबले होते.

त्या परीक्षेचं कारण मला पहिल्याच रविवारी समजलं. सकाळी आठ वाजता बाई साडीवर कॉलेजातला जुना पांढरा ॲप्रन चढवून, खिशात तीन पेनं खोचून, पायात काळे रबरी बूट घालून दारात उभ्या होत्या. हातात पिशवी. तिच्यात दाढीचा ब्रश, पाण्याच्या बाटल्या, शिंप्याची मोजपट्टी, आणि टॉवेलात गुंडाळलेला वीतभर आरसा. "चल," म्हणाल्या. कुठे, का, हे विचारायची सोय नव्हती. रिक्षाने अर्धा तास, मग शेतातून पायी. शिवालिकच्या पायथ्याचं एक गाव, गावाबाहेर आमराई, आमराईच्या पोटात एका कुटुंबाचं जुनं कब्रस्तान.

हे कुटुंब तिथलं पंजाबी ख्रिस्ती. चार पिढ्या शेती-बागायती केली, आता निम्मे कॅनडात आणि निम्मे त्या जमिनीत. चंदीगडात उरल्या होत्या त्या फक्त सिस्टरजी. त्या बत्तीस सेक्टरात राहायच्या. बाईंच्याच हॉस्पिटलात त्या आयुष्यभर नर्स होत्या, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी भांडत आल्या होत्या. कॅनडाच्या भाच्यांना आपल्या खानदानाच्या कबरींवर काय लिहिलंय ते हवं होतं. निम्मे लेख उर्दूत, आणि सिस्टरजींना उर्दू येत नव्हतं. "तो मैं सीख लेती हूँ," असं म्हणून बाई उर्दू शिकल्या. एवढ्या कारणासाठी कोणी लिपी शिकतं का, असं मी एकदा म्हणाले होते. "कारण केवढं पाह्यजे मग?" बाईंनी विचारलं.

त्यांच्या कामाची एक रीत होती आणि तिच्यात कणभर इकडेतिकडे चालत नसे. दगडाला तारेचा ब्रश लावायचा नाही. खडू फासायचा नाही, पीठ चोळायचं नाही, त्याने अक्षर मरतं. साधं पाणी आणि दाढीचा ब्रश. पुसट अक्षर दिसेनासं झालं तर आरसा धरून ऊन त्याच्यावर बाजूने तिरकं पाडायचं. कडेने ऊन आलं की झिजलेल्या रेघांत सावली भरते आणि अख्खी ओळ दगडातून वर येते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ओरडलेच. बाईंनी वर न पाहता सांगितलं, "आरसा हालू देऊ नको."

एकीने एकेक अक्षर बोलायचं, दुसरीने लिहायचं, आणि मग लिहिणारीने मोठ्याने उलट वाचून दाखवायचं. तेव्हा बोलणारीने दगडावर बोट ठेवायचं. दिसलं नाही तिथे रेघ मारायची. 'बहुतेक' हा शब्द बंद. एका दगडावर पाथरवटाने मरणाची तारीख तीस फेब्रुवारी कोरली होती. मी म्हणाले, हे चूक आहे. "चूक दगडाची आहे," बाई म्हणाल्या, "तू कशाला आपली घालून राहिली?" तीस फेब्रुवारीच उतरली.

सिस्टरजींच्या आजोबांचा दगड मला सगळ्यात आवडायचा. त्यांनी मरायच्या आधी स्वतःच मजकूर सांगून ठेवला होता: आंबे माझे गोड होते, मी नव्हतो, तक्रार असेल तर आता करा. मी हसून हसून खाली बसले. बसले ती नेमकी एका गोट्यावर. बाईंनी दंडाला धरून उठवलं.

"तो दगड आहे," त्या म्हणाल्या.

"हो, दगडच आहे."

"तसा नाही. नोंदीतला आहे. सत्तावीस नंबर."

तेव्हा मी नीट पाहिलं. कोरलेल्या दगडांच्या मधून, कडेकडेने, गवतात बुडालेले गोल गोटे होते. पावसाळ्यात गावाजवळून वाहणारा ओढा आहे, त्याला इकडे चो म्हणतात, त्यातून उचलून आणलेले. एक उशाला, कुठे एक पायथ्याशीही. ज्यांच्यासाठी पाथरवट बोलावला गेला नाही त्यांच्या ह्या कबरी. बागेत राबणारी माणसं, तापाने गेलेली मुलं. बाईंच्या वहीत कोरलेले तेवीस आणि न कोरलेले एकवीस, असे चव्वेचाळीस दगड होते, आणि न कोरलेल्यांनाही पूर्ण ओळ होती. क्रमांक, लांबी-रुंदी, रंग, तोंड कुठल्या दिशेला, शेजारी कोण. लेखाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

सिस्टरजी चहाचा थर्मास आणि पिन्न्या, म्हणजे कणकेचे लाडू, घेऊन उशिरा यायच्या आणि बाईंची थट्टा करायच्या. "ओ डाक्टर साब, छड्डो वी. पत्थर भाग थोड़ी जाएँगे." थर्मास त्या नेहमी रस्त्याकडच्या कुंपणाशी एका लहान गोट्याजवळ ठेवायच्या आणि तिथेच बसायच्या. उन्हाळ्यातसुद्धा, सावली सोडून. तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं, पिन्नी हातात देता देता. "ये मेरी है. बेटी. सुबह हुई थी, शाम को चली गई. नाम रखने का टाइम ही नहीं मिला." मग म्हणाल्या, "तेरी मैडम को पता है. और किसी को नहीं."

तो एकतीस नंबरचा दगड. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, दुसरं मूल झालं नव्हतं. सिस्टरजींचं ह्या जगात आपलं म्हणावं असं जे काही होतं, ते त्या वीतभर गोट्याखाली होतं. बाईंनी वहीत त्यापुढेही रेघच मारली होती. मी विचारलं, माहीत असून का लिहीत नाही? "दगडावर नाही ते मी कशी लिहू? अन् तिनं मला सांगितलं, वहीला नाही सांगितलं."

गावातल्या बायका ॲप्रन पाहून बाईंकडे यायच्या. कुणाचा गुडघा, कुणाचं बीपी. बाई त्यांना आपल्या वर्ध्याकडच्या हिंदीत सांगायच्या, "मेरे को ज़िंदा आदमी का कुछ समझता नहीं. मैं मरे हुओं की डॉक्टर हूँ." बायका हसायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायच्या. पोळी-लोणच्याचा डबा उघडला की बाई त्यांनाही वाढायच्या, पण बीपी काही बघायच्या नाहीत.

न कोरलेल्या दगडांसाठी एवढा अट्टहास कशाला, हे मला सिस्टरजींकडून समजलं. कॉलेजात शिकायला येणारे देह बहुतेक बेवारशी. रजिस्टरात त्यांच्यापुढे लिहिलेलं असायचं: अज्ञात, पुरुष, अंदाजे साठ. एका वर्षी पोरांनी एका देहाला गमतीने एका हिरोचं नाव ठेवलं आणि त्याच्या हातात सिगरेट दिली. बाईंनी अख्खी बॅच बाहेर काढली. मग एकेकाला आत बोलावून त्या माणसाचं वर्णन लिहायला लावलं. तळहाताला घट्टे, डाव्या कानाला भोक, गुडघ्यावर भाजल्याची खूण, पाठीत जुनं मोडलेलं हाड. पानभर झाल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. "नाम नहीं है तो तुम्हारे बाप का माल नहीं हो गया," एवढंच बोलल्या म्हणे. वरून तक्रार आली, माफी मागा म्हणून. बाईंनी मागितली नाही. बढती दोन वर्षं अडली, आणि त्या दोन वर्षांतही त्यांनी प्रत्येक नव्या बॅचकडून तेच पान लिहून घेतलं.

आता माझ्याबद्दल. इथपर्यंत मी साक्षीदार असल्यासारखी सांगत आलेय, पण ह्या गोष्टीत माती मीच खाल्ली.

बाई भावाच्या आजारपणात महिनाभर वर्ध्याला गेल्या होत्या. त्याच महिन्यात सिस्टरजींना नोटीस आली. गावाचा रस्ता रुंद होणार होता आणि आखणी कब्रस्तानाच्या कडेवरून जात होती. रस्त्याचं सरकारी खातं तसं भलं होतं. कबरींना हात लावणार नाही, उलट भोवती भिंत घालून देऊ, फक्त कबरींची यादी पाठवा, असं लिहिलं होतं. सिस्टरजी माझ्याकडे आल्या. "तू कंप्यूटर वाली है, भेज दे बेटा." मला केवढा अभिमान वाटला. बाईंची वही मी दोन संध्याकाळी खपून संगणकावर चढवली.

माझा धंदाच माहिती साफ करण्याचा आहे. हजारो ओळींचे तक्ते येतात, त्यात अर्धवट, रिकाम्या ओळी असतात, त्या आम्ही काढून टाकतो. हाताला ती सवय इतकी लागलेली असते की डोकं मध्ये येत नाही. खात्याने लेखांची यादी मागितलीय, असं माझ्या मनाने धरलं. लेखाचा रकाना निवडला, रिकामं आणि रेघ असेल ते गाळ, असं यंत्राला सांगितलं. यादी सुबक झाली. तेवीस ओळी. त्याच संध्याकाळी मी ती पाठवून दिली, आणि सिस्टरजींना फोन करून सांगितलंसुद्धा, "हो गया, पक्का!"

एकतीस नंबर कुणाचा हे मला ठाऊक होतं. त्या दगडाजवळ बसून मी पिन्न्या खाल्ल्या होत्या. तरीही तो गळला. मला त्याची आठवणही झाली नाही, हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

बाई परत आल्या त्याच आठवड्यात खात्याचा नकाशा आला. तेवीस कबरींभोवती भिंतीची लाल रेघ, रेघेबाहेरची दहा फुटांची पट्टी रस्त्यात. सिस्टरजी तो नकाशा घेऊन आमच्या घरी आल्या. खुर्चीवर बसल्या, नकाशा टेबलावर पसरला आणि रस्त्याच्या पट्टीत एका जागी बोट ठेवलं.

बाईंनी माझी यादी मागितली, वाचली, वहीशी ताडून पाहिली. मी वाट बघत होते ओरडण्याची. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साफ केलं तू," बाई म्हणाल्या. "आता बस, अन् कोण कोण साफ झालं ते लिही. एकवीस."

मी रडत लिहायला बसले. पाच-सहा ओळी झाल्यावर बाईंनी वही आपल्याकडे ओढली. "माझीबी चूक आहे. मी रेघ मारली. रेघ म्हणजे तुमच्या यंत्राला रिकामं." आणि लाल पेनाने त्या प्रत्येक रेघेवर लिहीत गेल्या: अक्षर नाही. अक्षर नाही. एकवीस वेळा. एवढ्या वर्षांची आपली रीत त्यांनी त्या टेबलावर बदलली. सिस्टरजींचं बोट अजून नकाशावरच होतं.

खात्याचं ऑफिस सतरा सेक्टरात होतं. सुनावणीला आम्ही तिघी गेलो. बाईंनी ॲप्रन घातला होता. मी दबकत म्हटलं, इथे कशाला? "मी कामावर चालले," त्या म्हणाल्या.

अधिकारी तरुण होता, अदबशीर. खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. म्हणाला, "मैडम, आपकी ही लिस्ट है. तेईस. हमने नक़्शे में तेईस की दीवार बना दी. अब आप चवालीस बोल रही हैं."

मी उभी राहिले. "लिस्ट मैंने भेजी थी, सर. गलत भेजी. इन्होंने नहीं, मैंने. इक्कीस कबरें मैंने काट दीं." लिहून द्याल का, त्याने विचारलं. तिथल्या तिथे लिहून दिलं.

"लेकिन इन इक्कीस पर तो कुछ लिखा ही नहीं है," तो म्हणाला. "मैडम, ऐसे पत्थर चो में हज़ारों पड़े हैं. मैं कैसे मानूँ कि कबर है?"

बाईंनी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. "पत्थर नंबर चार. अक्षर नहीं. लंबाई एक हाथ. पैर पूरब को. बाजू में नंबर तीन. पत्थर नंबर सात. अक्षर नहीं."

"मैडम, समझ गया मैं."

"नंबर नौ. अक्षर नहीं. दो पत्थर, सिरहाने एक, पैताने एक."

"मैडम जी, बाहर लोग बैठे हैं."

"बैठने दो. ये भी कब से पड़े हैं." आणि पुढे नंबर बारा.

बाहेरचे लोक दारातून डोकावायला लागले. शिपाई आत आला आणि भिंतीला टेकून ऐकत उभा राहिला. बाईंचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा होता, ना चढ ना उतार. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. एकतीस आलं. "नंबर इकतीस. अक्षर नहीं. लंबाई एक बालिश्त. पैर पूरब को. अकेला."

"ये तो रोड के बिल्कुल बीच में आ रहा है," नकाशा पाहत तो म्हणाला. "ये किसकी है? कुछ तो पता होगा."

मी बाईंकडे पाहिलं. सांगितलं असतं तर त्याच क्षणी काम झालं असतं. कुठल्याही माणसाचं काळीज हललं असतं.

"पत्थर पर नहीं लिखा," बाई म्हणाल्या. "मैं नहीं बता सकती."

मला वाटलं, बाईंचा गळा धरावा. रीत, रीत, रीत! समोर म्हातारी बसलीय, तिच्या लेकीवरून डांबर जाणार आहे, आणि बाई वहीचा धर्म पाळतायत. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. सिस्टरजी उभ्या होत्या, दोन्ही हात टेबलावर.

"मेरी है," त्या म्हणाल्या. "कुड़ी है मेरी. सवेरे हुई, शामी मर गई. नाम नहीं रखा था. मैंने आप गोदी में ले जाके दबाया है, और आप चो से पत्थर उठाया है. चालीस साल हो गए. अब बोल बेटा, मानेगा कि नहीं?"

अधिकारी उठून उभा राहिला. सिस्टरजी बसेपर्यंत तो बसला नाही. मग चांगल्या मनानेच म्हणाला, "माता जी, एक काम करो. इन पत्थरों पर कुछ भी नाम लिखवा दो. बच्ची का भी. फिर मेरे काग़ज़ में आसान हो जाएगा."

"झूठा नाम क्यों रखूँ?" सिस्टरजी म्हणाल्या. "बगैर नाम के मेरी थी. बगैर नाम के ही रहेगी."

बाईंनी वहीत बोट घालून ठेवलं होतं. "नंबर तैंतीस," त्या म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत वाचून मगच वही मिटली. मला त्या खोलीतच उमगलं, की बाई काय राखत होत्या. ते सांगायचा हक्क एकट्या सिस्टरजींचा होता आणि तो त्यांनी वापरला. माझी तेवढी समज नव्हती.

पुढच्या आठवड्यात अधिकारी स्वतः जागेवर आला, सरकारी नोंदवही घेऊन. बाईंनी त्याला आमच्या रीतीला जुंपलं. ऐन थंडीत, दवाने भिजलेल्या गवतात, त्या एकेका गोट्याशी उकिडव्या बसून सांगायच्या, तो लिहायचा, आणि मग त्याला उलट वाचून दाखवावं लागायचं. पहिल्या दोन-तीन दगडांना तो पुटपुटला. "ज़ोर से," बाई म्हणाल्या, "मेरे को सुनाई नहीं देता." त्यांचे कान उत्तम होते. त्याचे बूट चिखलाने भरले, नाकाला पाणी आलं, पण त्याने एकवीसच्या एकवीस लिहिले. एकतीसला सिस्टरजींनी दगडावर बोट ठेवलं. "इकतीस," त्याने वाचलं. "अक्षर नहीं. अकेला." सिस्टरजींनी मान हलवली, आणि तो पुढच्या दगडाकडे गेला.

सरकारच्या वहीत सरकारच्याच हाताने चढल्यावर ते दगड कुणाला गाळता येईनात. नकाशा पुन्हा आखला गेला. भिंत बाहेर सरकली आणि रस्ता पलीकडे ढकलला गेला. गावातले काही जण नाराज झाले, कारण सरळ रस्ता वाकडा झाला. कुणीतरी बाईंना तोंडावर म्हणालं, चार गोट्यांसाठी अख्ख्या गावाला वळसा. "चार नाही, एकवीस," बाईंनी दुरुस्त केलं.

बाई गेल्याला आता तीन वर्षं होतील. देह त्यांनी आपल्याच कॉलेजला दिला, तसं आधीपासून ठरलेलं होतं. मी सोडायला गेले होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर उघडलं तेव्हा मी म्हटलं, हाताला पेनाचा घट्टा आहे तोही लिहा. त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं आणि लिहिला. सिस्टरजी त्यानंतरच्या हिवाळ्यात गेल्या. त्या एकतीस नंबरच्या शेजारी आहेत. भाच्यांनी कॅनडाहून संगमरवर पाठवतो म्हणून कळवलं होतं, पण त्यांनी लिहून ठेवलं होतं, चोमधला गोटा, वर काही नको. मीच निवडून आणला. पंचेचाळीस नंबर, अक्षर नाही. वही आता माझ्याकडे असते.

परवा ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर त्या बाजूला कामाला जायचं होतं. गाडी त्याची, चालवत तोच होता. आमराईपाशी रस्ता सरळ येतो आणि काही कारण नसल्यासारखा एकदम डावीकडे कोपर काढून पुन्हा सरळ होतो. समोरून ट्रॅक्टर आला. ह्याने करकचून ब्रेक दाबला, हॉर्न ठोकला, काच खाली करून एक शिवी हासडली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "यार, किस बेवकूफ़ ने यहाँ मोड़ दिया है?"

"हमने," मी म्हटलं.